आईचं डायलिसिस सुरू होतंय, घर खेड्यात आहे, काय जपावं?

ताई, पुढच्या आठवड्यापासून आईचं डायलिसिस सुरू होतंय, काय जपायचं असं तुम्ही विचारलंय. माझ्या बाबांचं हे तिसरं वर्ष. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातून आठवड्यातून तीनदा एसटीनं जातो-येतो.

सगळ्यात आधी फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ज्या हातातली धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडलेली असते तो. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई-सलाईन नाही, घट्ट बांगड्या नाहीत, भरलेली बादली नाही. गावच्या डॉक्टरलाही आत्ताच सांगून ठेवा. रोज सकाळी तिथं बोटं ठेवली की मांजर घुरघुरावं तसं जाणवतं. बाबा चहाच्या आधी ते बघतात. घुरघुर थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात बस चुकेल म्हणून आम्ही सुया काढल्या-काढल्या निघालो. बसमध्ये बाबांची बाही ओली दिसली. मला वाटलं घाम आहे. हात लावला तर रक्त! रक्त गोठू नये म्हणून मशीनवर हेपॅरिन देतात, त्याचा अंमल नंतरही काही तास राहतो. मी रुमालाची घडी करून दोन बोटांनी दाबून धरली, पंधरा मिनिटं, मधे एकदाही उचलून न बघता. तेव्हा थांबलं. आता पिशवीत गॉज असतंच, आणि एक बस गेली तरी अर्धा तास बाकावर बसूनच निघतो. दाबूनही थांबत नसेल तर दाब न सोडता १०८ला फोन करा.

मशीनवर असताना तो हात चादरीखाली झाकू देऊ नका, सुई निसटली तर कळत नाही. जांभया, घाम, पोटऱ्यांत गोळे आले की लगेच सिस्टरला हाक मारा. हिपॅटायटिस बीच्या लसीचं आजच विचारून घ्या.

पाणी मोजून प्यावं लागतं, पण त्यावरून आईशी भांडू नका, आधी मीठ कमी करा. आपल्याकडच्या मे महिन्यात लोणचं-पापड खाऊन तहान आवरणं माणसाच्या हातचं नाही. आणि भेटायला येणारे प्रेमानं संत्री, शहाळी आणतात, ती आईला देऊ नका. त्यातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं.

फिस्टुला अजून झाला नसेल आणि डायलिसिससाठी मानेत नळी टाकली असेल, तर ती ओली होऊ देऊ नका. हुडहुडी भरून ताप आला की गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं.