पहिल्यांदाच कोकणात जातोय. मुंबईहून मालवणला रेल्वेने जायचं तर कुठे उतरावं?

कुडाळला उतरा. मालवणला रेल्वे स्टेशन नाही, कारण कोकण रेल्वे किनाऱ्यापासून बरीच आत, डोंगराच्या बाजूने जाते. कुडाळहून मालवण साधारण 30 किलोमीटर. स्टेशनवरून रिक्षाने एसटी स्टँड गाठा आणि तिथून मालवणची गाडी पकडा. सामान जास्त असेल तर थेट मालवणपर्यंत रिक्षा करा, पण भाडं आधी ठरवून घ्या. रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस सगळ्यात सोयीची, सकाळी पोचवते आणि पुढे एसटी मिळायला अडचण येत नाही. तुतारी एक्सप्रेसचं तिकीट काढताना मात्र तारीख नीट बघा. ती दादरहून मध्यरात्री 12 नंतर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. इथे नवखे हमखास चुकतात आणि गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. गणपती आणि मे महिन्यासाठी त्याच सकाळी बुकिंगला बसा, नंतर फक्त वेटिंग. थोडी रोख रक्कम जवळ असू द्या, गावांत नेटवर्क कधीही जातं.

जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते, आणि पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, वेळाही बदलतात.