गिधाडे, गाईचे इंजेक्शन आणि कुत्र्याचा चावा

मेलेली गुरे साफ करणारी गिधाडे संपली आणि त्याचा परिणाम माणसांच्या मृत्युदरात दिसला, असे सांगणारा अभ्यास २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात आला. त्यावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही.

‘गिधाडे गेली म्हणून पाच लाख माणसे मेली’ असे वाचले. हा आकडा आला कुठून? त्या काळात कचरा, लोकसंख्या, कुत्री सगळेच वाढत होते. (नाशिक)

शंका रास्त आहे. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी एकेका मृत्यूचे कारण शोधलेले नाही, त्यांनी जिल्ह्यांची तुलना केली. काही जिल्हे मुळातच गिधाडांना मानवणारे होते, काही नव्हते. १९९४ च्या सुमारास पेटंटची मुदत संपून डायक्लोफेनॅक हे सूज-दुखणे कमी करणारे औषध स्वस्त झाले आणि गुरांना सर्रास टोचले जाऊ लागले. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, युरिक आम्लाचा पांढरा थर आतल्या अवयवांवर साचतो आणि पक्षी काही दिवसांत मरतो. औषध स्वस्त होण्याआधी दोन्ही गटांतल्या जिल्ह्यांचे मृत्युदर साधारण बरोबरीने चालले होते. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत ते ४ टक्क्यांहून जास्त वाढले. कचरा आणि लोकसंख्या तर दोन्हीकडे वाढत होती, त्यामुळे एवढा फरक त्यांच्या माथी मारता येत नाही. शिवाय जिथे गुरे भरपूर, अशा शहरी भागात परिणाम सर्वाधिक दिसला. गिधाडे नसली की मढी कुजत पडतात, त्यावर कुत्री वाढतात आणि घाण पाण्यात उतरते; भटकी कुत्री, रेबीजच्या लसींची विक्री आणि पाण्याची घाण याही खुणा त्याच दिशेने गेल्या.

पाच लाख हा २००० ते २००५ या काळाचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला साधारण एक लाख. वर्षाला ६९.४ अब्ज डॉलर नुकसान हा दुसरा गाजलेला आकडा म्हणजे तेच मृत्यू गुणिले एका जीवाचे ठरवलेले मोल, त्यात नवी माहिती काही नाही. आपल्याकडे मृत्यूची नोंद अपुरी असते, म्हणून आकडा मागे-पुढे होऊ शकतो. दिशा मात्र पक्की वाटते. आणि हे सगळे मृत्यू रेबीजचे नव्हेत. फक्त रेबीजचा हिशेब मांडणाऱ्या २००८ च्या अभ्यासात १९९२ ते २००६ मिळून सुमारे ४८ हजार जादा मृत्यूंचा अंदाज होता. ‘पाच लाख रेबीजने गेले’ हा फिरणारा संदेश चुकीचा आहे.

कासदाह झाला किंवा गाय लंगडू लागली की दुखण्याचे इंजेक्शन दिले जाते. नेमके काय चालते, काय नाही? (दूध उत्पादक, संगमनेर)

मेलोक्सिकॅम चालते. टोल्फेनॅमिक आम्लही गिधाडांवरील चाचण्यांत सुरक्षित ठरले. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद, किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक जुलै २०२३ पासून, निमेसुलाइड डिसेंबर २०२४ च्या अखेरीस. अ‍ॅसिक्लोफेनॅकची गंमत अशी की गाईच्या शरीरात त्याचे डायक्लोफेनॅकच होते; नाव बदलले, विष तेच. फ्लुनिक्सिनचाही गिधाडाच्या मृत्यूशी संबंध जोडला गेला आहे, तेही टाळलेले बरे.

पळवाट मेडिकलमधून निघते. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकची ३० मिलीची बाटली गुरांसाठी सोयीची पडायची, म्हणून २०१५ मध्ये ती ३ मिलीच्या एका डोसपुरती केली. ३ मिलीत ७५ मिलिग्रॅम औषध असते. किलोमागे १ मिलिग्रॅम धरला तरी ३०० किलोच्या गाईला चार कुप्या लागतात. कोणी चार कुप्या फोडून एकाच सिरिंजमध्ये ओढत असेल, तर तिथेच थांबवून विचारा.

‘मेलोक्सिकॅमने गुण येत नाही’ या तक्रारीमागे बहुधा कमी डोस असतो. किलोमागे ०.५ मिलिग्रॅमप्रमाणे ३०० किलोला १५० मिलिग्रॅम लागते. ५ मिलिग्रॅम प्रतिमिली ताकदीचे असेल तर ते ३० मिली भरते. बाटलीवरची ताकद वाचल्याशिवाय मिली मोजू नका, अंतिम डोस पशुवैद्यकांनी ठरवायचा. आणि हे औषध सूज-दुखणे कमी करते. कासदाहाच्या जंतूंवर वेगळा उपचार लागतोच.

मेलेले जनावर माळावर टाकावे की पुरावे? गिधाडांना खाद्य मिळेल ना? (सरपंच, गडचिरोली)

आधी औषधाचा इतिहास विचारा. डायक्लोफेनॅक दिल्यानंतर साधारण तीन दिवसांत जनावर मेले, तर ते गिधाडांसाठी सापळा आहे. शंभरात एकापेक्षा कमी मृत जनावरांत घातक अंश असला तरी गिधाडांची संख्या कोसळू शकते, असे २००४ चे गणित सांगते. म्हणून ‘एखाद्याने काय होते’ हे इथे लागू नाही. दयामरणासाठी पेन्टोबार्बिटाल दिलेले जनावरही उघड्यावर टाकू नका.

माहिती खात्रीची नसेल तर पुरा. खड्डा आठ फूट तरी खोल घ्या, विहीर-बोअर-ओढ्यापासून लांब, तळाला पाणी लागणार नाही अशा जागी. वर चार फूट माती दाबून टाका. माती उथळ पडली की कुत्री उकरतात आणि सगळे मुसळ केरात. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल तर फाशी रोगाचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय धरा. ते फाडू नका, सोलू नका, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. अशा जनावराला गिधाडांच्या खाद्यस्थळीही जागा नाही.

औषध बंद झाले, मग गिधाडे अजून का दिसत नाहीत? (पुणे)

मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे १९९२ ते २००७ मध्ये ९९.९ टक्के घटली. उरलेल्यांतून संख्या उभी राहायला पिढ्या लागतील. ताडोबा आणि पेंचमध्ये २०२४ साली हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड पैदास केंद्रातून पक्षी आणले, पण आजूबाजूच्या गोठ्यांत औषध शिल्लक असेल तर तेही टिकणार नाहीत.

कुत्रा चावल्यावर घरात आधी काय करायचे? (ठाणे)

वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही नको. मग थेट दवाखाना. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवून मग बघू, असे करू नका. कातडीतून दिली जाणारी लस ० (पहिल्या डोसचा दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दर वेळी दोन जागी ०.१ मिली, स्नायूतली असेल तर ०, ३, ७, १४, २८. रक्त आले असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे, टोचून घ्या. पहिल्याच दिवशी मिळाले नाही तर सातव्या दिवसापर्यंत देता येते, त्यानंतर नाही. पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल तर ० आणि ३ हे दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. जुना लसीकरणाचा कागद जपून ठेवा, डॉक्टर तोच मागतात.