छोट्या उपसागरात पाणी किती आणि भरती-ओहोटीत त्यातलं बदलतं किती, हे कसं काढायचं?

तुम्ही मुंबईजवळच्या उपसागराबद्दल विचारलंय, तेही बोटीशिवाय. अंदाज नक्की काढता येतो, पण नुसतं क्षेत्रफळ गुणिले खोली करून भागत नाही.

सागरी नकाशावरची खोली चार्ट डेटमपासून मोजलेली असते, म्हणजे जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीपासून. मुंबईत अपोलो बंदरला सरासरी समुद्रपातळी त्याच्या २.५१ मीटर वर आहे. नकाशावर २.५ मीटर दिसतं तिथे सरासरी ५ मीटर पाणी असतं. ही भर विसरलात तर निम्मं पाणी हिशेबातून गळालं.

क्षेत्रफळही एकच धरू नका, चिखलण आणि तिवरं भरतीलाच पाण्याखाली जातात. उपग्रहचित्राची वेळ भरतीच्या तक्त्याशी ताडून दोन चित्रं निवडा. समजा, उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या) ओहोटीला ८ चौ. किमी, भरतीला १२, आणि ओहोटीची सरासरी खोली ४ मीटर. अपोलो बंदरला उधाणाची सरासरी भरती ४.४२, ओहोटी ०.७६, फरक ३.६६ मीटर. त्याला सरासरी क्षेत्रफळ १० चौ. किमीने गुणलं की एका भरतीत ३.६६ कोटी घनमीटर पाणी आत येतं. ओहोटीला ३.२ कोटी उरलेलं असतंच, म्हणून भरतीला एकूण ६.८६ कोटी. भांगाला (अष्टमीच्या आसपास) फरक जेमतेम १.४४ मीटर, म्हणून आत येणारं पाणी १.४४ कोटीच.

खरी गफलत यापुढे होते. अर्ध्याहून जास्त पाणी आलं-गेलं, म्हणजे दोन भरत्यांत उपसागर स्वच्छ, असं लोक धरतात. पण बाहेर गेलेलं बरंच पाणी मुखापाशी रेंगाळतं आणि पुढच्या भरतीबरोबर परत आत शिरतं. दोन भरत्यांमधलं अंतर १२.४२ तास. निम्मं परततं असं धरलं, तर पाणी बदलायला ६.८६ × १२.४२ ÷ (०.५ × ३.६६), म्हणजे सुमारे ४७ तास लागतात. भांगाला भरतीचं एकूण पाणीही कमी, सुमारे ५.६ कोटी, तरी जवळजवळ ४ दिवस. तेवढ्या वेळानंतरही पाण्यात मिसळलेल्या घाणीचा साधारण ३७ टक्के भाग आतच असतो, आणि अगदी आतल्या टोकाला त्याहूनही जास्त. सांडपाण्याचा विचार करत असाल तर भांगाचाच आकडा वापरा.

शेवटी ताळा करून पाहा. ३.६६ कोटी घनमीटर ६.२१ तासांत आत यायचे, तर सेकंदाला सरासरी १,६४० घनमीटर. मुखाचा उभा छेद ३,००० चौ. मीटर असेल तर सरासरी वेग ०.५५ आणि भर प्रवाहात ०.८५ मीटर प्रतिसेकंद यायला हवा. उधाणाच्या दिवशी वारा पडलेला असताना मुखात नारळ सोडा आणि ठरावीक अंतराला लागलेला वेळ मोजा. वेग फारच कमी आला तर मुख अरुंद असल्याने आत पाणी बाहेरइतकं चढत नसेल. मग आतल्या बाजूला खुणा केलेली काठी रोवून दर १५ मिनिटांनी पातळी टिपा, आणि ३.६६च्या जागी तोच फरक घाला.