करंज तेलाचा थर वाळत का नाही?

तुम्ही लिहिलंत की लाकडी खेळण्यांना करंज तेलाचे तीन हात दिले, उन्हातही ठेवली, तरी बोट लावलं की चिकटतं. आणखी महिनाभर थांबलात तरी चिकटणारच. करंज हे वाळणारं तेल नाही.

तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन रेणूंमधल्या दुहेरी बंधांपाशी (कार्बनचे दोन अणू जोडणाऱ्या दुहेरी दुव्यांपाशी) काम करतो, रेणू एकमेकांना सांधले जातात आणि जाळं विणलं जातं. हेच आपलं पॉलिमर. म्हणून जवसाचा थर वाळताना त्याचं वजन उलट वाढतं. जवसात तीन दुहेरी बंधांचं लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असतं. करंजात भरणा असतो एकाच बंधाच्या ओलेइक आम्लाचा. तेल घेताना आयोडीन मूल्य विचारा, म्हणजे तेलात दुहेरी बंध किती ते सांगणारा आकडा; तो जितका जास्त, तितकं तेल चांगलं वाळतं. जवसाचं १७० च्या आसपास किंवा वर, करंजाचं १०० च्या आत.

तेव्हा खेळण्यांना जवस वापरा, तेही कच्चं. दुकानात 'डबल बॉईल्ड' म्हणून मिळतं त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे ड्रायर घातलेले असू शकतात, कधी शिसंसुद्धा. मूल खेळणं तोंडात घालतं. तेल वनस्पतीचं आहे एवढ्यावर लेप निर्धोक ठरत नाही, हे मी आग्रहाने सांगतो. कच्च्या तेलाला दिवसचे दिवस लागतात, ते लागू द्या. हात अगदी पातळ द्या, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने जादाचं सगळं पुसा. जाड थरावर आधी साय धरते, खाली ओलं राहतं आणि वर सुरकुत्या पडतात.

पुसलेली फडकी मात्र बोळा करून टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे चिंध्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

एरंडेलाबद्दलही विचारलंत. त्यातल्या रिसिनोलेइक आम्लावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो, म्हणून आयसोसायनेट या रसायनाबरोबर त्याचं उत्तम पॉलियुरेथेन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, होतं. पण आयसोसायनेटच्या वाफेने दमा जडू शकतो; घरच्या खोलीत हा प्रयोग करू नका. करंजापासून अल्किड रेझिनही (रंग-वार्निशात वापरतात ते राळेसारखं द्रव्य) बनतं, पण त्यासाठी ग्लिसरॉलबरोबर २०० अंशांच्या वर तापवावं लागतं. ते कारखान्यातल्या रिॲक्टरचं काम.

आत्ताची खेळणी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, वास पूर्ण जाईपर्यंत हवेशीर ठेवा, बारीक पॉलिश पेपर मारा. मग एकाच खेळण्यावर जवसाचा पहिला हात देऊन बघा. लाकडात करंज मुरलेलं असेल तर तिथे जवसही उशिरा वाळेल.