ग्रीक सॅलडला पाणी सुटतं, काय करू?

प्रश्न: मुलाच्या हट्टापायी घरी ग्रीक सॅलड केलं. लेट्यूस, टोमॅटो, काकडी, कांदा सगळं बारीक चिरलं, मीठ घातलं, वर पनीर, लिंबू पिळलं आणि पिझ्झासोबत आलेली ओरेगॅनोची पुडी भुरभुरली. अर्ध्या तासात तळाशी वाटीभर पाणी! चव कोशिंबिरीसारखी, पण कोशिंबिरीइतकी चांगली नाही. काय चुकलं?
– एक गृहिणी, नाशिक

उत्तर: ताई, आधी सांगा, ते पाणी ओतून दिलंत का? कारण ग्रीसमध्ये त्यासाठीच भांडण होतं. टोमॅटोचं पाणी, ऑलिव्ह ऑइल आणि चीजचा चुरा खाली एकत्र होतो आणि त्यात ब्रेड बुडवून खातात, त्याला ते लोक पापारा म्हणतात. आपला पावही चालतो, कडक असेल तर जास्तच चांगला.

पण तुमचं पाणी जरा जास्तच झालं, ते बारीक चिरल्यामुळे. जितके जास्त काप तितकं मीठ जास्त पाणी ओढतं, कोशिंबिरीत आपण तेच बघतो ना. या सॅलडचं तिकडचं नाव होरियातिकी, म्हणजे गावाकडचं, आणि ते आहेही तसंच रांगडं. टोमॅटोच्या मोठ्या फोडी, काकडीच्या जाड चकत्या, कांद्याच्या आणि हिरव्या ढोबळी मिरचीच्या रिंगा. लेट्यूस नाहीच, ते बाहेरच्या हॉटेलांनी घुसडलंय. टोमॅटो पिकलेला घ्या आणि फ्रिजमधला गार नको, आपला गावठी टोमॅटो मुळातच आंबट असतो मग लिंबू कशाला. मीठ तर चिमूटभरच, कारण यात पडणारं फेटा नावाचं ग्रीक चीज आणि ऑलिव्ह दोन्ही खारट.

आता फेटा. इथे पनीरवर माझा राग नाही पण ते दुसरंच प्रकरण आहे. फेटा मेंढीच्या दुधाचं, शेळीचं दूध जास्तीत जास्त ३० टक्के, आणि मिठाच्या पाण्यात निदान दोन महिने मुरवलेलं. २००२ पासून युरोपियन युनियनमध्ये फक्त ग्रीसमधल्याच चीजला फेटा म्हणता येतं. आपल्याकडे गायीच्या दुधाचं फेट्यासारखं चीज मिळतं, ते चालवून घ्या. तेही नसेल तर लिटरभर पाण्यात साधारण ७० ग्रॅम मीठ विरघळवून पनीर रात्रभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवा, फेटा होणार नाही पण निदान अळणी लागणार नाही. चुरू नका हं, अख्खी चकती वर ठेवायची, ज्याने त्याने काट्याने मोडून घ्यायची.

ती पिझ्झाची पुडी मात्र पिझ्झालाच राहू द्या, त्यात बऱ्याचदा मीठ, लसूण आणि काय काय मिसळलेलं असतं. नुसता वाळलेला ओरेगॅनो आणा, तळहातावर चोळून चीजवर घाला. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल चौघांच्या सॅलडला तीन-चार मोठे चमचे, हात आखडू नका. व्हिनेगर हवं तर थोडं, मी घालत नाही.

ऑलिव्ह घ्याल ते जांभळट काळे कलामाता घ्या, डब्यातल्या काळ्या गोल चकत्यांना फारशी चवच नसते. कलामातात बी असते बरं का, मुलाला आधी सांगून ठेवा.