वापरलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरचे (गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घराचे) छत अमेरिकेतील पावसात गळते आणि पलंगाच्या वरच्या कोपऱ्यात ओल दिसते. दुरुस्ती कोठून सुरू करावी?

आपण लिहिल्याप्रमाणे ओल पलंगाच्या वरच्या कोपऱ्यात दिसत असली, तरी छिद्र तेथेच असेल असे समजू नये. कारण पाणी छताच्या रबरी आवरणाखालून आणि लाकडी चौकटीच्या कडेकडेने बरेच अंतर वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी उतरते. प्रथम छताला जेथे जेथे छेद दिलेला आहे, म्हणजे हवेचे झरोके, ए.सी., अँटेना आणि पुढची-मागची सांधपट्टी, तेथील सीलंटला (फटी बुजवणाऱ्या लेपाला) भेगा पडल्या आहेत का, हे पाहावे. वर चढताना फळी टाकून त्यावर गुडघे टेकावेत, कारण भिजलेले प्लायवूड वजन पेलेलच असे नाही.

घाईने सिलिकोन थापणे हा सर्वांत महागडा स्वस्त उपाय होय. त्यावर पुढे दुसरे काहीच नीट चिकटत नाही आणि तो संपूर्ण खरवडून काढावा लागतो. छत ईपीडीएम रबराचे (एक प्रकारच्या कृत्रिम रबराचे) असल्यास पेट्रोलियमयुक्त क्लीनर टाळावा, त्याने रबर फुगते. सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, आडव्या भागावर आपोआप समपातळीत पसरणारे लॅप सीलंट आणि उभ्या भागावर न ओघळणारे सीलंट वापरावे. झरोक्याची चौकटच हलत असेल, तर ती उचलून खाली नवी ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) घालावी.

भिंत बोटाने दाबल्यावर मऊ लागत असेल, तर मात्र आतील पत्रा किंवा पॅनेल उघडून कुजलेले लाकूड बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यानंतर सीलंटची पाहणी वर्षातून किमान दोनदा करावी.