नाव उडालं म्हणून लगेच फॉर्म ६ भरू नका, आधी वगळल्याचा आदेश मागा

ताई, तुम्ही लिहिलंय की मतदार कार्ड हातात आहे, मागच्या वेळी मत दिलंय, घर बदललेलं नाही आणि आता ऑनलाइन शोधलं तर तुमचं आणि सासूबाईंचं नाव मतदार यादीतच नाही, आणि ऑफिसात गेलात तर "नवीन फॉर्म भरा, येईल नाव" म्हणून परत पाठवलं. हेच वाक्य आम्हाला ऐकवलं होतं, म्हणून एवढं लांब लिहितोय. नाव कसं शोधायचं, भाग क्रमांक कुठे बघायचा हे सांगत बसत नाही, ते तुम्ही केलेलं दिसतंय.

तर पहिली गोष्ट. फॉर्म ६ हा पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यासाठी आहे. त्यात खाली लिहून द्यावं लागतं की मी पहिल्यांदाच अर्ज करतोय. तुम्ही तर आधीपासून मतदार आहात! आणि खोटं लिहून दिलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. तुमच्यावर कोणी केस करेल असं मी म्हणत नाहीये, पण ज्यांनी नियम पाळायचे तेच तुम्हाला असलं काही लिहून द्यायला लावतात याचा मला अजून राग येतो.

आमच्याकडे वडिलांचं नाव "स्थलांतरित" म्हणून काढलं होतं. माणूस त्याच घरात. विचारायला गेलो तर खिडकीवरचे म्हणाले बीएलओचा (म्हणजे घरोघरी जाऊन यादी तपासणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचा) रिपोर्ट आहे, बीएलओ म्हणाले मला वरून यादी आली, वरच्यांनी सांगितलं फॉर्म ७, म्हणजे नाव काढण्यासाठीचा अर्ज, आला होता, मग फॉर्म ७ कोणी दिला ते दाखवा म्हटलं तर "ते सिस्टिममध्ये आहे, प्रिंट देता येत नाही". लेखी अर्ज दिला तर आवकचा शिक्का मारायला तयार नाहीत. आणि प्रत्येक वेळी तोच फॉर्म ६ पुढे सरकवायचा. शेवटी वडिलांनी तो भरला कारण दुसरा मार्गच नाही असं त्यांना सांगितलं होतं, आणि नंतर अपिलाचं विचारलं तर उत्तर काय, की तुम्ही नवीन अर्ज केलाय ना, मग जुना विषय संपला. असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही! पण या सगळ्यात उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख निघून गेली आणि त्यानंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घेताच येत नाही. वडिलांचं मत गेलं ते गेलंच, आणि नाव कोणी काढायला लावलं ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही.

खरा नियम असा आहे की तुम्ही तिथे राहत नाही म्हणून नाव काढायचं असेल तर त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे मतदार नोंदणी अधिकाऱ्याने आधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यायची. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात हेच ठासून सांगितलं, की ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे त्याला सरसकट काढता येत नाही, नोटीस द्या, त्याचे पुरावे बघा, मग ठरवा. फॉर्म ७ वरून आक्षेप आला असेल तर तुमच्या नावाने फॉर्म १४ ची नोटीस निघायला हवी. म्हणून एक साधा अर्ज लिहा आणि त्यात चारच गोष्टी मागा: फॉर्म ७ ची प्रत, नोटीस बजावल्याचा पुरावा, बीएलओचा पाहणी अहवाल, आणि नाव वगळल्याचा आदेश. शिक्का मारत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, पण त्याला ३० दिवस लागू शकतात, नुसतं त्यावर बसू नका. आदेश हातात आला की कलम २४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत अपील, तिथे नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. उशीर झाला असेल तर योग्य कारण देऊन माफ होऊ शकतो, आणि आदेशच दिला नाही हे माझ्या मते चांगलं कारण आहे. मी वकील नाही हां, एकदा कोणा जाणकाराला दाखवून घ्या.

एक अपवाद. निवडणूक अगदी तोंडावर असेल तर आधी नाव आत आणा, फॉर्म ६ भरावा लागला तरी भरा, पण सोबत पत्र जोडा की माझं नाव आधी या भागात या क्रमांकावर होतं, ते नोटीस न देता काढलंय. आणि वरचा अर्ज वेगळा चालू ठेवा. महापालिका, झेडपीला तर अजून घाई, कारण राज्य निवडणूक आयोग एका ठराविक तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि त्यानंतर घातलेली नावं त्यात येत नाहीत.

जाता जाता, तुमच्या पोस्टखाली एकाने विचारलंय की नाव होतं पण आधीच कोणीतरी मत देऊन गेलं होतं. तो वेगळा विषय. तिथे भांडून परत यायचं नाही, केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत (आपल्या नावावर आधीच कोणी मत दिलं असेल तेव्हा वेगळं देता येणारं मत) मागायचं, निवडणूक संचालन नियमांतला नियम ४९पी. ओळख पटली की कागदी मतपत्रिका देतात, फॉर्म १७बी मध्ये सही घेतात. नेहमीच्या मोजणीत ती मतं धरत नाहीत हे खरं, पण निकाल कोर्टात गेला तर तोच कागद उपयोगी पडतो.

माझं स्पष्ट मत, पटो न पटो. सगळी चर्चा मशीनवर होते आणि यादीकडे कोणी बघत नाही. मेलेल्यांची, सोडून गेलेल्यांची नावं काढलीच पाहिजेत, नाहीतर बोगस मतदानाला वाव राहतो, त्याबद्दल वाद नाही. पण काढण्याची पद्धत किती सैल असू शकते ते कर्नाटकातल्या आळंदमध्ये दिसलं. तिथे २०२३ च्या निवडणुकीआधी नावं काढण्यासाठी ऑनलाइन ६,०१८ अर्ज आले, तपासल्यावर फक्त २४ खरे निघाले. अधिकाऱ्यांनी तपासलं म्हणून नावं वाचली, म्हणजे इच्छा असेल तर होतं. बिहारमध्ये २०२५ ला साधारण ६५ लाख नावं मसुदा यादीत नव्हती, तेव्हा सुप्रीम कोर्टाने त्या वगळलेल्या नावांची कारणासकट आणि शोधता येईल अशी यादी जाहीर करायला लावली. हे प्रत्येक राज्यात, दरवेळी, कोर्टात न जाता व्हायला हवं. नाव काढायच्या आधी मतदाराच्या मोबाइलवर मेसेज आणि काढल्यावर आदेशाची प्रत, एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतील असं मला वाटतं.

तोपर्यंत फॉर्म १० ची यादी बघत जा. कोणाच्या नावावर आक्षेप आलाय ते त्यात लावतात, आमच्या सोसायटीत आता दोघंजण ती नियमित वाचतात आणि कोणाचं नाव दिसलं की त्याच दिवशी त्याला फोन करतात.

सासूबाईंचा अर्ज तुमच्या अर्जात मिसळू नका, त्यांच्या सहीने वेगळा द्या. त्यांचं वय ८५ च्या वर असेल तर लोकसभा-विधानसभेला फॉर्म १२डी भरून घरून मत देता येतं, तो अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यायचा असतो, आणि त्यासाठी नाव यादीत असावंच लागतं. म्हणून आधी त्यांचा अर्ज पाठवा, मग तुमचा.